परड्याची माती

पहाटे ५.३०

मेच्या पहिल्या आठवड्यात पाणीगेटमध्ये कामाचे म्हणावेत असे दोनच तास मिळतात, ते उजाडायच्या सुमाराचे. मी आधी गच्चीवर जाते. तिथे हिरव्या जाळीखाली आठ कुंड्या आहेत आणि आठही कुंड्यांत राजापूर तालुक्यातली, आमच्या मूळ गावची लाल माती आहे. दिवाळीत येताना दोन गोणी भरून आणली. घरच्यांनी विचारलं, बडोद्यात काय माती कमी आहे? कमी नाही, पण ही नाही. इथली गोराडू भुरकट, डभोई-करजणकडची कानमची काळी, आणि दोन्हींचा सामू (pH) सातच्या वर, बहुतेकदा आठच्या आसपास. कोकणची जांभी माती पाच-साडेपाचावर. मातीच्या दवाखान्यात अगदी उलट प्रकृतीचे हे दोन रोगी आहेत.

आठ कुंड्यांच्या चार जोड्या. पहिलीत नुसती माती. दुसरीत जिप्सम. तिसरीत डोलोमाइटची पूड. चौथीत डोलोमाइट आणि शेणखत. सगळ्यांत मूग, पंचविसावा दिवस. मूग अशासाठी की तो लवकर बोलतो. पाणी मात्र डिस्टिल्ड घालते, प्रयोगशाळेतलं. गच्चीवरून पाण्याची टाकी दिसते. सयाजीरावांनी आजव्याचं पाणी १८९२ साली या शहरात आणलं, आणि आमच्या पणजोबांनी कोकण सोडून इथे चाकरी धरली ती त्याच सुमारास, असं घरात सांगतात. नळाचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यातले क्षार रोज थोडा थोडा चुना घातल्यासारखे कुंडीत साठतील आणि माझा ताळा बिघडेल.

आज संध्याकाळी रोपं उपटून मुळं मोजायची आहेत. वरून पाहिलं तर तिसऱ्या आणि चौथ्या जोडीत फार फरक दिसत नाही. पहिल्या दोन जोड्या खुज्या. बाकीचं मातीखाली आहे.

सकाळी ७.००

खाली प्रयोगशाळेत तपासायला आलेल्या मातीच्या पुड्या उघडून वाळत घालायच्या. उन्हात नाही, सावलीत. एवढी एक गोष्ट शेतकऱ्यांना पटवायला मला वीस वर्षं लागली. उन्हात किंवा तव्यावर तापवलेल्या मातीतला पालाश आणि मँगेनीज वेगळेच आकडे दाखवतात. जुन्या वर्तमानपत्रांवर तेवीस ढीग पडले. माझा मदतनीस भाई गुजरातीत नावं लिहितो, मी मराठीत क्रमांक घालते, आणि इतक्या वर्षांत आमची अदलाबदल कधी झालेली नाही. तेवीसही आसपासचेच. वाघोडिया, डभोई, सावली.

मे महिन्यात गर्दी असते कारण पेरणीआधी सगळ्यांना उत्तर हवं असतं. ते बरोबरच आहे. पण चुना घालायचा असेल तर तो पेरणीच्या दोन ते चार आठवडे आधी ओलसर मातीत मिसळावा लागतो. म्हणजे कोकणासाठी मेचा पहिला आठवडा ही शेवटची घंटा. मृग सातव्या-आठव्या जूनला लागतो.

सकाळी ९.१५

काका आले. सत्तरीचे, मूळचे राजापूरकडचेच, इथे मांडवीकडे राहणारे, बँकेतून निवृत्त. त्यांच्या हातात तीन गोष्टी होत्या. कापडी पिशवीत माती, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तुरीचं वाळलेलं झाड, आणि एका जुन्या साखरेच्या प्लास्टिकच्या पिशवीत आणखी थोडी माती.

"ताई, गावाला आमचा बारा गुंठ्यांचा तुकडा आहे, डोंगराच्या अंगाला. खाचरात भात चांगलं येतं. या वरच्या तुकड्यात नाचणी येते, बाकी काही नाही. तूर लावली, भेंडी लावली, सगळं बोटभर होऊन राहतं. गेल्या वर्षी मी इथून जिप्सम पाठवलं. दहा गोणी. ट्रकवाल्याला वेगळे पैसे दिले."

"जिप्सम कोणी सांगितलं काका?"

"इथे तर सगळेच सांगतात. माझ्या व्याह्यांची पादऱ्याला जमीन आहे, त्यांची जिप्समनं सुधारली."

व्याह्यांची सुधारली असणारच. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला ढकलून काढतं आणि जमीन मोकळी होते. इकडे ते खरं औषध आहे. पण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि सल्फेटच्या अंगी आम्ल मारायची ताकद नाही. ते काम कार्बोनेटचं किंवा चुन्याचं. जांभ्या मातीत जिप्सम घातलं तर कॅल्शियम मिळतं, गंधक मिळतं, खोलवरच्या ॲल्युमिनियमचा त्रासही थोडा कमी होतो. पण सामू जागचा हलत नाही. बडोद्याचा सल्ला राजापूरला लागू पडत नाही, आणि काकांचे पैसे तिथे गेले.

मी तुरीचं झाड हातात घेतलं. मूळ आखूड, जाडसर, तपकिरी, टोकाशी बोथट. बारीक तंतू जवळजवळ नाहीतच. सामू साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळाच्या टोकाची वाढ तिथेच थांबवतं. झाड उपाशी राहतं ते अन्न नसल्यामुळे नव्हे, अन्नापर्यंत पोचता येत नाही म्हणून. नाचणी हे बरंचसं सोसते, वरीही सोसते. आपल्या आज्या वरकस जमिनीवर तीच पिकं घ्यायच्या, त्यामागे शेकडो वर्षांचं पाहणं होतं.

"आणि या दुसऱ्या पिशवीत?"

"ती परड्यातली. वहिनी म्हणाली, नेताय तर हीपण न्या. तिच्या परड्यात पडवळ, भेंडी, वाल, सगळं येतं. घरामागेच आहे, त्या तुकड्यापासून शंभर पावलांवर. काही विशेष नाही, तुम्हाला वेळ असेल तर बघा."

मी दोन्हींना क्रमांक दिले. चोवीस आणि पंचवीस. सुदैवाने दोन्ही वाळलेल्याच होत्या.

सकाळी १०.३०

लाकडी दस्त्याने ढेकळं फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. चोवीस नंबर चाळणीवर खडखडतो, बारीक लाल खडे मागे राहतात. हा जांभ्याचा चुरा. फ्रान्सिस बुकानन मलबारात अंगाडीपुरमला गेला, तेव्हा लोक ओल्या दगडाचे चिरे कापताना त्याने पाहिले, आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं. आपल्याकडे तो आधीपासून जांभाच होता आणि घरं त्याच्याच चिऱ्यांची होती. दर पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाणी या मातीतून खाली जातं. लाखो वर्षांत कॅल्शियम गेलं, मॅग्नेशियम गेलं, पोटॅश गेलं, सिलिकासुद्धा गेली. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. तो लाल रंग म्हणजे गंज आहे.

वीस ग्रॅम माती, पन्नास मिलिलिटर पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं. मीटर आधी सात आणि नऊ पूर्णांक दोनच्या द्रावणावर लावलेला होता. आजच्या या दोन नमुन्यांसाठी चारच्या द्रावणाची बाटली उघडली. इथले नमुने ७.६ ते ८.४ च्या दरम्यान.

चोवीस नंबर: ५.१.

पंचवीस नंबर: ६.४.

काचकांडी धुतली, इलेक्ट्रोड पुसला, पुन्हा घेतलं. ६.४ च. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट. १.३ अंकांचा फरक म्हणजे शंभर पावलांवरची तीच माती जवळपास वीसपट कमी आम्ल. मी भाईला विचारलं, पिशव्यांची अदलाबदल तर झाली नाही? त्याने मान हलवली आणि साखरेची पिशवी दाखवली, तळाशी अजून माती होती. तिचा रंग तेव्हा नीट पाहिला. लाल नव्हे, काळपट तपकिरी, आणि त्यात कोळशाचे बारीक तुकडे.

दुपारी १२.००

सेंद्रिय कर्ब. डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबायचं, मग थेंबाथेंबाने अनुमापन. गढूळ निळा-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तो क्षण चुकवायचा नाही. कर्ब जितका जास्त तितका हा क्षण लवकर येतो.

गोराडूचे नमुने ०.४ टक्क्यांच्या आसपास. काकांचा चोवीस नंबर १.१ निघाला. कोकणच्या मातीत हे नेहमीचं आहे. पालापाचोळा भरपूर, कर्ब मध्यम ते चांगला, आणि तरी पीक नाही. अहवालावर "कर्ब भरपूर" असं वाचून लोक शेणखत बंद करतात, ते चूक. या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची. तिच्या अंगी अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद फार थोडी, धरून ठेवण्याचं बहुतेक काम सेंद्रिय पदार्थच करतात. नुसता चुना घातला आणि खत घातलं नाही, तर त्या चुन्यातलं कॅल्शियम पुढच्या तीन-चार पावसाळ्यांत खाडीला मिळतं. नुसतं खत घातलं आणि चुना नाही, तर मूळ खताजवळ पोचत नाही. दोन्ही लागतात.

पंचवीस नंबरचा कर्ब २.३.

दुपारी १.३०

जेवण, आणि पंखा. बाहेर बेचाळीस अंश.

जेवताना ब्राझीलचा विचार येत होता. तिथला सेराडो नावाचा प्रचंड गवताळ प्रदेश असाच, आम्ल आणि ॲल्युमिनियमने भरलेला, शेतीला नालायक मानलेला. १९७३ साली एम्ब्रापा ही संशोधनसंस्था निघाली, टनावारी चुना आणि स्फुरद घालायची पद्धत बसली, आणि तिथे आज सोयाबीन पिकतं. या कामाला २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यासाठी एक मूळची सवाना मोडली गेली, हेही खरं, आणि ते मला खुपतं. पण त्याच ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या काठी काळ्या मातीचे तुकडे सापडतात, युरोपीय लोक पोचायच्या कितीतरी आधीच्या वस्त्यांचे. कोळसा, राख, हाडं, खापरं, कचरा. भोवतालची माती पिवळी आणि कसहीन, आणि हा तुकडा शतकं उलटली तरी सुपीक. त्याला ते 'तेरा प्रेता' म्हणतात, काळी माती.

पंचवीस नंबरमधले ते कोळशाचे तुकडे मी जेवण अर्धवट टाकून पुन्हा पाहून आले.

दुपारी ३.००

छोटा उदेपूरकडून येणाऱ्या टेम्पोवाल्याने डोलोमाइटची एक गोणी दारात उतरवली. तिथल्या खाणींची पांढरी पूड फरशी, काच, रंग, डिटर्जंट अशा कित्येक कारखान्यांना जाते. शेतीकडे त्यातली फार थोडी वळते. शुद्ध चुनखडीची आम्ल मारण्याची ताकद १०० धरली तर शुद्ध डोलोमाइटची १०९ येते, आणि वर मॅग्नेशियम मिळतं, जे जांभ्या मातीत कमीच असतं. कळीच्या चुन्याची ताकद १७९. पण तो हात भाजतो आणि मातीतही धसमुसळा वागतो.

गोणीवर विश्वास ठेवायचा नसतो. चिमूटभर पूड घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट थंड आम्लात सावकाश बुडबुडे सोडतं, जरा गरम केलं की वेग घेतं. मग ६० नंबरची चाळणी. पाव मिलिमीटरहून बारीक असेल तेवढंच या हंगामात कामाला येतं. जाडी भरड पाच वर्षं शेतात तशीच पडून राहते. शेतकऱ्याला वाटतं चुन्याचा उपयोग नाही, आणि तो पुन्हा घालत नाही. ही पूड मैद्यासारखी होती. चांगली.

संध्याकाळी ४.३०

स्फुरद. आमच्या भागाच्या मातीला ओल्सेनची पद्धत, सामू साडेआठचं सोडियम बायकार्बोनेट. आम्ल मातीला ती चालत नाही, तिथे ब्रेची, अमोनियम फ्लोराइड आणि पातळ आम्लाची. एका प्रयोगशाळेतून आलेला कोकणच्या मातीचा अहवाल मी पाहिला आहे, त्यात डोळे मिटून ओल्सेनचा आकडा छापला होता. पद्धत चुकली की पुढची सगळी शिफारस चुकते.

चोवीस नंबर: फार कमी. मोकळ्या लोहाला आणि ॲल्युमिनियमला स्फुरदाची इतकी ओढ की घातलेलं सुपर फॉस्फेट ते काही दिवसांतच बांधून टाकतात. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला यांच्यातली सेंद्रिय आम्लं तिथे आधी जाऊन बसतात आणि स्फुरदाला मोकळं ठेवतात. पंचवीस नंबरच्या नळीतला निळा रंग इतका गडद आला की द्रावण पातळ करून पुन्हा घ्यावं लागलं.

संध्याकाळी ६.००

ऊन उतरल्यावर गच्चीवर गेले. काकाही वर आले, जिना हळूहळू चढत. कुंड्या बादलीत बुडवून मुळं सोडवली, काळ्या कापडावर पसरली, पट्टी लावली.

नुसती माती: सरासरी सात सेंटिमीटर. जिप्सम: नऊ. डोलोमाइट: सोळा. डोलोमाइट आणि शेणखत: एकोणीस, आणि त्यावर गुलाबी गाठी, नखाने फोडल्या की आत लालसर. आठ कुंड्यांवर कोणी शास्त्र उभारू नये, मीही उभारत नाही. पण काका कापडाशेजारी उकिडवे बसले, खिशातून चष्मा काढला आणि तुरीचं ते वाळकं झाड जिप्समच्या मुळाशेजारी ठेवून बघत राहिले.

"मग दहा गोणी फुकट गेल्या."

"अगदी फुकट नाही. पण आम्लपणाला उपयोग नाही झाला."

"आणि खाचरात भात कसं येतं? माती तर तीच."

हा प्रश्न मला फार आवडला. खाचरात पाणी तुंबलं की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, त्यात आम्ल खर्ची पडतं आणि तीन-चार आठवड्यांत सामू आपोआप साडेसहा-सातकडे येतो. पाणी हाच तिथला चुना. वरच्या उतारावर पाणी ठरत नाही, म्हणून तिथे माणसाला तो घालावा लागतो.

मग मी परड्याचे आकडे सांगितले. ६.४. २.३. स्फुरद भरपूर. "काका, त्या परड्यात काय घालतात?"

"काही नाही. म्हणजे, खत विकत आणलेलं काही नाही."

"चुलीची राख?"

ते थांबले. "राख तर रोजच टाकतात. आई टाकायची, आजीही टाकायची. सकाळी चूल उकरली की राख परड्यात. गोठ्यातला केर तिथेच. आणि तिसऱ्यांची, कालवांची टरफलं. आजी ती मुसळाने फोडून पडवळाच्या आळ्यात टाकायची. आम्हाला पाय कापतील म्हणून ओरडायची."

लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशची कार्बोनेटं असतात, ताकद चुनखडीपेक्षा कमी, पण रोज पडणारी. शिंपला म्हणजे तर कॅल्शियम कार्बोनेटच. फोडला की हळूहळू विरघळत राहतो. भाताची दाढ भाजतात, कवळ, शेण, पाला रचून भाजावळ, म्हणजे राब, करतात, त्यातही राखेचा हा भाग आहे. या राबावर जंगलखात्याने एकोणिसाव्या शतकात बरंच वादळ उठवलं होतं, आणि इंग्लंडहून आलेल्या वोएलकर या रसायनशास्त्रज्ञाच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. झाडं छाटून जाळण्यावरचे आक्षेप खरे होते. पण राख त्या मातीला का लागते, हे शेतकऱ्याच्या हाताला माहीत होतं. शंभर वर्षं तीन बायकांनी त्या परड्यात जे टाकलं, ते चौथ्या जोडीच्या कुंडीत मी पंचवीस दिवस टाकलं होतं. त्यांचा प्रयोग माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि निकालही.

काकांनी चष्मा पुसला. "आई गेली तेव्हा मी इथेच होतो, बँकेत," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ७.१५

खाली येऊन हिशेब मांडला. चुन्याची पूर्ण मागणी मी एकदम कधी सुचवत नाही, त्याला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच राजापूरच्या जमिनीत मी चुलतभावाला कळीचा चुना हात सैल सोडून टाकायला सांगितला. सामू सातच्या वर गेला, जस्त अडकलं, आणि भाताच्या पानांवर गंजासारखे डाग आले. 'खैरा' म्हणतात त्याला. पंतनगरला नेने यांनी १९६६ साली तो जस्ताच्या कमतरतेचा रोग आहे हे दाखवून दिलं होतं, मी ते पाठ केलेलं होतं, आणि तरी भावाचं एक पीक माझ्यामुळे गेलं. तेव्हापासून सातचं लक्ष्य ठेवत नाही. सहापर्यंत आलं की ॲल्युमिनियम गप्प बसतं, तेवढं पुरे.

हेक्टरी दोन टन म्हणजे गुंठ्याला वीस किलो. बारा गुंठ्यांना दोनशे चाळीस, म्हणजे पन्नास किलोच्या पाच गोण्या. वळवाच्या सरीनंतर पसरून वीतभर मातीत मिसळायचं. शेणखत आणि युरिया त्याच दिवशी नाही, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यायचे. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावायच्या आणि दरवर्षी पाला दाबायचा. तीन वर्षांनी पुन्हा माती तपासायची.

"आणि काका, या गोण्या इथून पाठवू नका. भाडं मालापेक्षा जास्त होईल. रत्नागिरीतच शेतीचा चुना बघा, दापोलीच्या विद्यापीठाच्या लोकांना विचारा. १९७२ पासून ते याच मातीवर काम करताहेत, माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे."

"आणि शिंपले?"

"शिंपले जरूर. पण बारीक कुटून."

काकांनी तिथूनच गावाला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे वहिनी, मागे कोंबड्यांचा आवाज. आधी त्यांनी तुकड्याचं सांगितलं, पाच गोण्या, वळीव, वीतभर. ती हुं हुं करत होती. मग म्हणाले, "आणि तुझ्या परड्याचा रिपोर्ट आलाय."

"काय आलाय? खराब आहे का?"

"नाही गो. राख कुठे टाकतेस हल्ली?"

"हल्ली गॅस आहे ना भावोजी. चूल फक्त पाणी तापवायला. राख थोडीच निघते, ती टाकते गडग्याबाहेर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर "राख" लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"बाहेर नको टाकू," ते म्हणाले. "आई टाकायची तिथेच टाक. पडवळाच्या आळ्यात."